मावशी शपथ घेत नाही

आमच्या गावात शपथेवाचून पान हलत नाही. भाजीवाला गवार कोवळी असल्याची शपथ घेतो, पोरं अभ्यास झाल्याची घेतात, आणि सोसायटीचे चेअरमन तर "आईच्यान सांगतो" म्हटल्याशिवाय किती वाजले तेही सांगत नाहीत. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं कोरडवाहू गाव आमचं. पाऊस बेताचा, ज्वारी बेताची, शपथा मात्र बारमाही. मोठा तंटा असला तर देवापुढं जाऊन बेलभंडारा उचलायचा, किरकोळ असला तर जवळ बसलेल्याच्या गळ्याला हात लावायचा. आमची ख्रिस्ती घरं पंचवीस-तीस. आम्ही बेलभंडारा उचलत नाही, पण 'देवाशप्पथ' म्हणायला आम्ही कुणाला हार जात नाही. अशा गावात एक बाई लग्न होऊन आली आणि चाळीस वर्षं एकही शपथ न घेता राहिली.

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, रजिस्टरात तिचं नाव सगुणाबाई. पण रजिस्टर माझ्याकडे असल्यामुळे ते मलाच ठाऊक. बाकी सगळ्यांची ती व्हयमावशी. काही विचारलं तर ती एकदाच 'व्हय' म्हणायची किंवा एकदाच 'न्हाई'. समोरचा "खरंच?" म्हणाला तर ती गप्प बसायची, कारण तिच्या मते उत्तर देऊन झालेलं असायचं. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं, शपथ मुळीच वाहू नये, हे प्रभूचं सांगणं तिनं लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलं होतं. तिला अक्षरओळख बेताची. आम्ही वाचता येणाऱ्यांनी ते वाक्य शेकडो वेळा वाचलं आणि पुढचं पान उलटलं. ती तिथंच थांबली.

त्याचा पहिला त्रास तिच्या पोटाला झाला. आमच्याकडे पाहुण्यानं "जेवून आलोय" म्हटलं तर ते कुणी खरं मानत नाही. गळ्याशप्पथ म्हणावं लागतं, तेव्हा कुठं ताट परत जातं. मावशी नुसतं "जेवले" म्हणायची, आणि ताट पुढं यायचं. एका नाताळात ती भेटीगाठीला निघाली आणि अकरा घरी फराळ करून आमच्या दारात आली, तेव्हा तिला उंबरा ओलांडवत नव्हता. माझ्या बायकोनं तिला ओवा दिला आणि म्हणाली, मावशी, एक शपथ घेतली असती तर दहा घरच्या करंज्या वाचल्या असत्या. मावशी भिंतीला टेकून म्हणाली, "पोट दुखंल आन् उद्या बरं हुईल. जिभंचं दुखनं जात न्हाई." एवढं बोलून तिनं आमचीही करंजी खाल्ली.

गंमत अशी, की जिच्यावर कुणी सहजी विश्वास ठेवत नसे ती स्वतः मात्र सगळ्यांवर ठेवायची. शेजारच्या एका कारट्यानं तिला सांगितलं, आज शाळेला सुट्टी आहे, हेडमास्तरांची म्हैस व्याली. मावशी चीक मागायला भांडं घेऊन हेडमास्तरांच्या दारात गेली. हेडमास्तर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आणि त्यांच्याकडे साधं मांजरही नव्हतं. सबंध गाव आठवडाभर हसलं. मावशीनंच ती हकिकत बायकांच्या प्रार्थनासभेत रंगवून सांगितली, आणि मी छेडलं तेव्हा म्हणाली, पोरानं खोटं सांगितलं ते त्याच्याकडं, मी खरं मानलं ते माझ्याकडं.

मी स्वतः शाळेत क्लार्क आणि मंडळीचा सेक्रेटरी. मावशी मला भाऊसाहेब म्हणायची. पुरावा जोडल्याशिवाय अर्ज पुढं सरकवायचा नाही, हा माझा पिंड. मावशी आमच्या दगडी चर्चची झाडलोट करायची, घंटा वाजवायची, आणि तिचं सर्वांत आवडतं काम म्हणजे प्रभुभोजनाचा, सगळ्या मंडळीनं एकेक घोट घ्यायचा प्याला. उंच दांड्याचा, चांदीचा मुलामा दिलेला तो प्याला आमच्या आज्यापणज्यांच्या काळात कुणा मिशनरी बाईनं दिलेला. मावशी तो दंतमंजनानं घासायची. स्वतःचे दात ती मिश्रीनं घासायची. दंतमंजन प्याल्यासाठी राखून ठेवलेलं.

प्याल्याच्या कपाटाला दोन चाव्या होत्या. एक मावशीकडे, दुसरी माझ्याकडे. 'कपाटाची चावी कोणत्याही परिस्थितीत अन्य व्यक्तीस देऊ नये' असा नियम मीच कागदावर टाइप करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. आतून का, तर बाहेरून चांगला दिसत नव्हता.

आता गुरुवारची गोष्ट सांगतो. ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार. आमच्या पाळकांकडे तीन गावं, त्यामुळे त्या दिवशी प्रभुभोजनाला एक निवृत्त पाळक पाहुणे म्हणून आले होते. उपासना झाली. मावशीनं प्याला धुतला, पुसला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि ती अंगण झाडायला गेली. मी पाहुण्यांच्या चहाच्या गडबडीत होतो. ते म्हणाले, उपासनेचा झगा ठेवायचा आहे, कपाट उघडता का? मी खिशातली चावी काढून त्यांच्या हातात दिली आणि दूध आणायला पळालो. परत आलो तेव्हा झगा आत होता, कुलूप लागलेलं होतं, चावी मला परत मिळाली. चहा घेऊन ते गेले.

शनिवारी संध्याकाळी ईस्टरची तयारी करायला कपाट उघडलं, तर प्याला नाही.

तासाभरात मंडळीच्या पंचांची बैठक बसली. आम्ही पाच जण आणि समोर उभी मावशी. आमचे अध्यक्ष एसटीतले निवृत्त कंडक्टर. बत्तीस वर्षं "पास घरी राहिला" हे वाक्य ऐकल्यामुळे माणसाच्या तोंडच्या कुठल्याही वाक्यावरचा त्यांचा विश्वास उडालेला. सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणतात. त्यांनी विचारलं, प्याला कुठं आहे? मावशी म्हणाली, ठाऊक नाही. कुलूप लावलं होतं का? "व्हय." नक्की? मावशी गप्प. मग कुणीतरी माझ्याकडं बघून सहज विचारलं, सेक्रेटरी, तुमची चावी? मी म्हणालो, "माझ्या खिशातच आहे." ती खिशातच होती. मी ती काढून दाखवलीसुद्धा. माझ्याकडून कुणी शपथ मागितली नाही.

मग कंडक्टरकाकांनी उपदेशाच्या मंचावरचं मोठं बायबल आणून टेबलावर ठेवलं आणि मावशीला म्हणाले, यावर हात ठेवा आणि शपथेवर सांगा, मी प्याला घेतला नाही, मी कुलूप लावलं होतं. म्हणजे विषय संपला. आम्हा सगळ्यांना ते फार उदार वाटलं. मावशी पुस्तकाकडं बघत राहिली. तिचे हात पदरात होते.

"शपथ घिऊ नका आसं ह्याच्यातच लिवलंय ना?" ती म्हणाली. "मग ह्याच्यावरच हात ठिवून कशी घिऊ?"

आमच्यात दोघं रविवारच्या शाळेचे शिक्षक होते. कुणालाही उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की माणसं चिडतात. कंडक्टरकाका म्हणाले, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. मावशीकडून चावी काढून घेण्यात आली. तिनं ती पदराच्या गाठीतून सोडवून टेबलावर ठेवली, "जय ख्रिस्त" म्हणाली आणि घरी गेली. प्याला चोरला असं तिला तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण रात्रीच्या भाकरी थापल्या जाईपर्यंत ते घरोघर पोचलं होतं.

मला पाहुण्या पाळकांची आठवण झाली नाही असं नाही. त्याच बैठकीत झाली. फोन नंबरही होता. पण पाळकाला, तोही पाहुणा आलेला, "आमचा प्याला तुम्ही नेलात का" असं विचारायचं? आणि विचारलं तर चावी कुणी दिली हे आलंच. मी मनाशी म्हणालो, एवढा मोठा माणूस, न सांगता कसा नेईल? पाळकाच्या न बोललेल्या शब्दावर मी विश्वास ठेवला, आणि मावशीच्या बोललेल्या शब्दाला पुरावा मागितला. तेव्हा हे मला असं उघडं दिसलं नाही. दिसू दिलं नाही, असं म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ईस्टरची प्रभातफेरी निघाली. मला वाटलं मावशी येणार नाही. ती सगळ्यांच्या पुढं, झांज घेऊन. कबरस्थानात आमच्या पाळकांनी उपदेश केला: बाया पहाटे कबरेकडं गेल्या, कबर रिकामी दिसली, धावत येऊन त्यांनी अकरा शिष्यांना सांगितलं, आणि शिष्यांना ती निव्वळ बडबड वाटली. माझी बायको मावशीशेजारी उभी होती. मावशी तिच्या कानाशी लागून म्हणाली, "बघ, तिथंबी अकरा जनांची कमिटीच हुती." माझ्या बायकोला कबरस्थानात हसू आवरेना. घरी येऊन तिनं मला ते सांगितलं, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचा मावशीवर पहिल्यापासून विश्वास होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ती 'व्हय' म्हणाली म्हणून.

पुढचे सहा आठवडे मावशी रोज चर्चमध्ये यायची. आत झाडायची बंदी होती म्हणून बाहेरचं अंगण दोनदा झाडायची. रविवारी पहिल्या रांगेत आपल्या जागेवर बसायची, भजनात सर्वांच्या वर आवाज लावायची, आणि प्रभुभोजनाला माझ्या घरच्या स्टीलच्या पेल्यातून आपला घोट घ्यायची. पहिल्या वेळी पेला ओठाला लावण्याआधी तिनं तो जरा तिरका करून पाहिला, नीट घासलाय का म्हणून. लोकांना अपेक्षित होतं की ती रडेल, भांडेल किंवा घरात बसेल. ती यातलं काहीच करीना, त्यामुळे लोकांची फार पंचाईत झाली.

एकदा न राहवून मी अंगणात तिला विचारलं, मावशी, तुम्हाला याचं काही वाटत नाही का? ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वाटतंय की. लई वाटतंय. पैल्या राती जेवले न्हाई. प्रभूला म्हनले, तुला समदं ठाऊक हाय, मंग बोलत का न्हाईस? पर भाऊसाहेब, तुमी इस्वास ठिवला न्हाई म्हनून म्या लावल्यालं कुलूप निघतंय व्हय? ते लावलंय ते लावलंय." मग तिनं मला केराचा ढीग ओलांडून जायला सांगितलं, कारण मी नेमका त्यात उभा होतो.

जूनमध्ये नगरहून एक मुलगा पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला. खोक्यात टॉवेलात गुंडाळलेला प्याला आणि पाहुण्या पाळकांची चिठ्ठी. त्या दिवशी परतताना वाटेत एका अंथरुणाला खिळलेल्या बाईला प्रभुभोजन द्यायचं होतं म्हणून प्याला पिशवीत घातला, सांगायचं राहिलं, तिथून तसेच ते मुलीकडं परगावी गेले आणि पिशवी उघडलीच नाही. फार दिलगीर होते बिचारे. कपाट कुणाच्या चावीनं उघडलं, ते मात्र चिठ्ठीत नव्हतं.

गावात एकच आनंद झाला. बाया मावशीच्या घरी गेल्या, पुरुषही गेले. कंडक्टरकाका तिच्या ओट्यावर बसून म्हणाले, "देवाशप्पथ मावशी, माझ्या मनात तुमच्याबद्दल कधी काही आलंच नव्हतं." मावशी म्हणाली, "व्हय का? बरं झालं." आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडं निरखून बघत होतो. टोमणा नव्हता. तिनं खरोखर विश्वास ठेवला होता.

पण पंचांची बैठक पुन्हा बसली आणि तिथं कंडक्टरकाकांनी बोट ठेवलं: पाळकांना कपाट उघडं सापडलं, म्हणजे कुलूप लावलेलं नव्हतं. मावशी म्हणाली, "लावलं हुतं." काका हसून म्हणाले, होतं असं कधी कधी, वय झालं. चोरीचा डाग गेला आणि निष्काळजीपणाचा राहिला. तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. मी इतिवृत्ताची वही उघडली आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'यापुढे कुलूप लावण्याबाबत सगुणाबाई यांना समज देण्यात येऊन चावी परत करण्यात आली.' सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

त्यानंतर तीन वर्षं ती समज मावशीच्या मागं फिरली. कुणी घराला कुलूप लावायचं विसरलं की लोक म्हणायचे, व्हयमावशी झाली. तिला वाईट वाटायचं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. माझ्या बायकोनं सुचवलं, मावशी, कुलूप लावताना कुणाला तरी साक्षीला उभं करत जा. मावशी म्हणाली, "हाय की साक्षीदार. पर त्यो मिटिंगला येत न्हाई." आणि एकटीच कुलूप लावत राहिली.

मग तिचे गुडघे गेले. देवळाली प्रवऱ्याला दिलेली लेक तिला घेऊन जायचं म्हणू लागली. निघायच्या दिवशी मी तिला मोटारसायकलवरून कर्जतच्या स्टँडवर सोडायला गेलो. नगरच्या गाडीला अवकाश होता. बाकावर बसलो. मी म्हणालो, "मावशी, त्या गुरुवारी तुम्ही कुलूप लावलं होतं. मी माझी चावी पाळकांना दिली, झगा ठेवायला."

मावशी पिशवीतली तिळाची चटणी सांडली तर नाही ना ते बघत होती. म्हणाली, "म्हाईत हाय. म्या अंगन झाडत हुते. बघितलं की."

ती तेव्हाच का बोलली नाही, असं मी विचारलं.

"चावी तुमी दिली, सांगायचं काम तुमचं. म्या सांगितलं असतं, आन् त्या चौघांम्होरं तुमी न्हाई म्हनला असता, तर? माजं जे व्हायचं ते झालंच हुतं. तुमचं कशाला बिघडवायचं?" मग तिनं पिशवीचं तोंड बांधलं. "आन् मला इस्वास हुता, भाऊसाहेब सांगत्याल म्हनून. जरा येळ लागला, एवढंच."

तीन वर्षं मावशी माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती, आणि मी रोज तिच्या समोरून जात होतो. मी त्या स्टँडवर, चाळीस माणसांच्या देखत रडलो. मावशीनं मला रडू दिलं. गाडी लागली तेव्हा म्हणाली, आता पुरे, पिशव्या चढवा.

पुढच्या रविवारी साक्ष द्यायच्या वेळी मी मंडळीसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चावी, दूध, झगा, खिसा, इतिवृत्त. काहीही लपवलं नाही. मी बसलो. मग कंडक्टरकाका उठले, त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बघा सेक्रेटरीचं मन. म्हातारी गेली, तर तिची चूक स्वतःच्या अंगावर घेतली." मी म्हणालो, अहो, तसं नाही, मी खरंच चावी दिली होती. जितकं म्हणालो तितका माझा नम्रपणा वाढत गेला. पाहुणे पाळक आदल्याच वर्षी वारलेले, त्यामुळे पुरावा कसलाच नाही. शेवटच्या प्रार्थनेत माझ्यासारखा सेक्रेटरी दिल्याबद्दल देवाचे आभार मानण्यात आले. माझी बायको तोंडाला पदर लावून बसली होती.

दुपारी मी मावशीला फोन लावला आणि झालेलं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि लेकीनं फोन घेऊन मला काय झालं म्हणून विचारलं. पुन्हा फोनवर आली तेव्हा म्हणाली, "कळलं का आता, कसं असतंय ते?"

"कळलं. आता काय करू?"

"काय करायचंय? खरं हाय ते सांगत ऱ्हायाचं आन् भाकर खायाची. आन् त्यांच्यावर रागराग करू नगा. तुमी बी त्यांच्यातच बसला हुता."

मागच्या थंडीत मावशी गेली. आम्ही पंच मंडळी एक जीप करून मातीला निघालो. राहुरीच्या पुढं कंडक्टरकाका ड्रायव्हरला सांगू लागले, की ही मावशी फार भली होती, फक्त एकदा कुलूप लावायला विसरली, आणि आमच्या सेक्रेटरीनं ते कसं स्वतःवर घेतलं. मी पुढं वाकून म्हणालो, काका, तिनं कुलूप लावलं होतं. चावी मी दिली होती. काकांनी मागं वळून प्रेमानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मला राग आला नाही. समोरून उसाच्या बैलगाड्यांची रांग येत होती, जीप थांबली, आणि मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.